आधी नकाशा, मग खड्डा, त्यानंतरच रोप

पीक चुकले तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. झाड चुकले तर त्याच्या उमेदीची वर्षे जातात. इमारती लाकडाच्या लागवडीकडे व्यवसाय म्हणून पाहताना हा भेद सर्वप्रथम ध्यानात घ्यावा लागतो. सोयाबीनची वा कापसाची निवड फसली, तर पुढच्या मृगात ती सुधारता येते. सागाचे तसे नाही. पहिली दोन-तीन वर्षे खड्ड्यात भरलेल्या सुपीक मातीवर रोप तरारते, पाने हत्तीच्या कानाएवढी होतात आणि सारे काही उत्तम चालल्याचा भास होतो. पुढे मुळे खालच्या कठीण थराला टेकतात आणि वाढ खुंटते. चूक उमगते तेव्हा चौथे-पाचवे वर्ष सरत आलेले असते, आणि कर्ज काढलेले असेल तर खात्यावर व्याजही चढलेले असते.

असे असूनही लागवडीचा विचार बहुधा उलट्या क्रमाने होतो. कोणते झाड लावावे, रोपे कोठून आणावीत, किती वर्षांत किती पैसे मिळतील, हे प्रश्न आधी विचारले जातात. जमीन कोणती, हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : जी दुसऱ्या कशाच्याही कामाची नाही, ती. जेथे ज्वारी धड येत नाही तेथे साग येईल, हा समज या व्यवसायातील बहुतेक अपयशांच्या मुळाशी आहे. आज उपग्रहांची चित्रे, मृदेचे नकाशे आणि ते एकमेकांवर ठेवून पाहण्याची साधने सहज उपलब्ध असताना हा क्रम बदलणे शक्य आहे, आणि ते शेतकरी व बँक या दोघांच्याही हिताचे आहे.

गरज खरी, अनुभव कटू

इमारती लाकडाची मागणी खरी आहे. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडावर आधारित उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, अशी दिशा दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर वनक्षेत्रातील वृक्षतोडीवर कडक नियंत्रणे आली. सागाच्या आयातीचा जुना आधार असलेल्या म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात थांबवली. त्यामुळे खासगी जमिनीवर लाकूड पिकवणे ही देशाची निकड आहे, यात शंका नाही.

मात्र याच निकडीचा गैरफायदाही घेतला गेला. 1990 च्या दशकात सागाच्या झाडांत पैसे गुंतवण्याच्या योजनांचे पेव फुटले होते. चार आकडी रक्कम गुंतवा आणि पंधरा-वीस वर्षांनी लाखोंनी मोजून घ्या, असा त्यांच्या जाहिरातींचा थाट असे. हजारो निवृत्त कर्मचाऱ्यांनी व मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपली पुंजी त्यांत घातली आणि अनेकांनी ती गमावली. अखेर 1999 मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियमावली आणली. त्या काळातील आर्थिक फसवणुकीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्या जमिनीवर ही झाडे उभी राहणार होती, ती सागाला मानवणारी आहे काय, हा साधा प्रश्न किती गुंतवणूकदारांनी विचारला असेल? विचारला असता तरी उत्तर पडताळून पाहण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती तेव्हा नव्हते. आज ते आहे.

निलांबूरचा धडा

साग कोठे येतो हे भारताला नव्याने शिकण्याची गरज नाही. केरळमधील निलांबूर येथे 1840 च्या दशकात मलबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी कोनोली यांनी चातू मेनन यांच्या साहाय्याने सागाची पद्धतशीर लागवड सुरू केली. जगातील सर्वांत जुन्या साग-लागवडींत तिची गणना होते. 1846 च्या लागवडीपैकी 2.31 हेक्टरचा एक तुकडा ‘कोनोली प्लॉट’ या नावाने आजही जतन केलेला असून तेथील वृक्षांचा घेर पाहून पर्यटक थक्क होतात.

या यशामागे जागेची निवड होती. चालियार नदी व तिच्या उपनद्यांच्या काठचा खोल, निचऱ्याचा गाळ सागाला लाभला. शिवाय तोडलेले ओंडके त्याच नदीतून किनाऱ्याकडे वाहून नेता आले. मात्र त्याच परिसरात नदीकाठ सोडून जांभ्याच्या कठीण थरावर लावलेल्या सागाची वाढ निकृष्ट राहिली. पाऊस तोच, बियाणे तेच, देखभाल करणारा विभागही तोच. फरक काय तो पायाखालच्या जमिनीचा. कोकणातील सड्यावर खड्डे खोदून साग लावणाऱ्यांनी हा दाखला अवश्य लक्षात ठेवावा.

वनशास्त्राने हा फरक आकड्यांतही मांडून ठेवला आहे. भारत व ब्रह्मदेशातील साग-लागवडींसाठी 1940 मध्ये तयार झालेल्या उत्पन्न-तक्त्यांत जमिनीची प्रत झाडांच्या उंचीवरून ठरवली जाते. उत्तम प्रत आणि कनिष्ठ प्रत यांच्या लाकूड-उत्पन्नात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणजेच, वीस वर्षांनंतरच्या उत्पन्नाचा जो आकडा प्रकल्प-अहवालात छापलेला असतो, त्याला जमिनीची प्रत सांगितल्याविना काहीही अर्थ नसतो.

थरावर थर

योग्य जागेचा शोध नकाशावर कसा घेतला जातो? कल्पना सोपी आहे. पूर्वी नगररचनाकार पारदर्शक कागदांवर एकेका घटकाचा नकाशा काढून ते कागद एकावर एक ठेवत आणि उजेडात धरून पाहत. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, हेच काम संगणकावर करते.

सागाचे उदाहरण घेऊ. त्याला वर्षाकाठी साधारण 1,200 ते 2,500 मि.मी. पाऊस मानवतो आणि तीन ते पाच महिन्यांचा स्पष्ट कोरडा काळ लागतो. माती खोल, निचऱ्याची आणि सामू उदासीनच्या आसपास हवा. चुन्याची उपलब्धता त्याला आवडते, पाणी साचणे अजिबात सोसत नाही. आता यातील प्रत्येक गरजेचा एकेक थर करावयाचा. पावसाची आकडेवारी भारतीय हवामान विभागाकडून मिळते. 2000 साली अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारद्वारे मोजलेल्या उंचीच्या माहितीवरून, तसेच 2005 मध्ये प्रक्षेपित झालेल्या भारताच्या कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या चित्रांवरून, उतार कोठे किती आहे आणि पाणी कोठे गोळा होते हे काढता येते. मृदेची खोली व पोत यांचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने तयार केले आहेत. जमिनीचा सध्याचा वापर उपग्रह-चित्रांतून कळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ 2009 पासून अशी माहिती सर्वांसाठी खुली करीत आहे. रस्ते, नद्या, गावे यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे आहेत. हे सारे थर एकत्र मांडण्यासाठी ‘क्यूजीआयएस’सारखी संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते.

यानंतर प्रत्येक ठिकाणाला गुण दिले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1976 मध्ये घालून दिलेल्या चौकटीनुसार जमिनीचे अत्यंत योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य व अयोग्य असे वर्ग पाडता येतात. संगणकाच्या पडद्यावर हिरवा, पिवळा, तांबडा असा नकाशा उमटतो आणि काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः खरी दक्षता येथूनच सुरू व्हावयास हवी.

दुधातील मिठाचा खडा

पहिला धोका गुणांच्या बेरजेत आहे. समजा, एखाद्या जमिनीला पावसासाठी दहापैकी नऊ, उतारासाठी नऊ, रस्त्याच्या सोयीसाठी नऊ आणि निचऱ्यासाठी एक गुण मिळाला. चारही घटकांना सारखे महत्त्व दिले तर सरासरी सात येते आणि नकाशावर ती जमीन हिरवी दिसते. परंतु पावसाळ्यात महिनाभर मुळाशी पाणी तुंबणाऱ्या जमिनीला डांबरी रस्त्याचा काय उपयोग? झाड सरासरीवर जगत नाही. ज्या गोष्टीची सर्वाधिक वाण असते, तिच्यावर त्याची वाढ अडते. घागरभर दूध एका मिठाच्या खड्याने नासते, तसेच हे आहे. म्हणून निचरा, मातीची खोली व कायदेशीर हक्क या तीन बाबी बेरजेत न घेता आधी चाळणीसारख्या वापराव्यात. त्यांतून जी जमीन खाली पडेल, तिला उरलेल्या गुणांचा आधार देऊ नये.

दुसरा धोका नकाशाच्या प्रमाणात आहे. मृदेचे राज्यपातळीवरील नकाशे 1 : 2,50,000 या प्रमाणावर आहेत. या प्रमाणात कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील 250 मीटर, आणि एक चौरस मिलिमीटर म्हणजे सव्वासहा हेक्टर. पाच एकरांच्या शेतकऱ्याची संपूर्ण जमीन अशा नकाशावर चौरस मिलिमीटरच्या एक-तृतीयांश भागात मावते! शेतातील वरचा मुरमाड पट्टा आणि ओढ्याकाठची खोल माती हा भेद तेथे दिसणे अशक्यच. जिल्ह्यातील कोणते तालुके पाहण्याजोगे आहेत, हे असा नकाशा सांगू शकेल; अमुक गटात साग लावावा काय, हे सांगू शकणार नाही.

पावसाचेही तेच. हवामान विभागाची आकडेवारी पाव अंशाच्या चौकोनांत मिळते; असा एक चौकोन सुमारे 27 कि.मी. बाजूचा असतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरील वाईला हजार मि.मी.देखील पडत नाही. घाटमाथ्यावरील अशा मुलखात एका चौकोनाची सरासरी कोणत्याच गावाची नसते.

त्यामानाने उपग्रहाची नजर आता पुष्कळ तीक्ष्ण झाली आहे. 2015 पासून कार्यरत असलेल्या युरोपच्या सेंटिनेल-2 मालिकेच्या चित्रातील एक ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा असतो. शेतकऱ्याच्या मोजमापाशी उपग्रहाचे मोजमाप असे येऊन जुळले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र उपग्रह वरचे हिरवेपण पाहतो. चार फुटांखालचा कातळ त्याला दिसत नाही.

‘पडीक’ म्हणजे रिकामी नव्हे

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न येतो. एखाद्या टापूचे मे महिन्यातील उपग्रह-चित्र पाहिले, तर तेथे करडा-तपकिरी रंग दिसतो आणि जमीन ओसाड असल्याचा समज होतो. परंतु पानझडीचे उत्तम जंगलही उन्हाळ्यात असेच दिसते. नैसर्गिक साग स्वतःच त्या दिवसांत निष्पर्ण असतो. खरिपानंतर मोकळी पडलेली शेतेही तशीच दिसतात. म्हणून निदान पावसाळ्यानंतरचे, हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील अशी तीन चित्रे, तीही दोन-तीन वर्षांची, पाहिल्याशिवाय कोणत्याही जमिनीला ‘पडीक’ म्हणू नये.

देशाच्या पडीक जमिनींच्या पहिल्या नकाशासंग्रहात 2000 साली अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे 638 लाख हेक्टर दाखवले होते. 2019 च्या आवृत्तीत ते सुमारे 558 लाख हेक्टर आहे. हे आकडे वाचून लागवडीच्या उत्साही पुरस्कर्त्यांचे डोळे दिपतात. परंतु या क्षेत्रात झुडपी राने आहेत, गवताळ माळ आहेत, खडकाळ पठारे आहेत. सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानावर धनगरांची मेंढरे चरतात आणि माळढोकासारखा दुर्मीळ पक्षी अशाच माळांच्या आश्रयाने जगत आला आहे. कोकणच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या कित्येक वनस्पती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. नकाशावर ‘पडीक’ असा रंग दिल्याने जमीन निर्मनुष्य वा निरुपयोगी होत नाही. तेथे कोण जाते, कोणाची गुरे चरतात, सरपण कोण आणते, हे गावात जाऊनच कळते.

यासोबत कागदपत्रांची चाळणी येते. महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात पहाणी, उत्तर प्रदेशात खसरा-खतौनी अशी नावे निरनिराळी असली, तरी प्रश्न एकच : जमीन खरोखर कोणाची आणि तिच्यावर कोणती नोंद आहे? महाराष्ट्रात 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद फेरफारात दडलेली असू शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील दावा प्रलंबित असू शकतो. शिवाय लावलेले झाड तोडण्याचा अधिकार गृहीत धरून चालत नाही. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली सागासारख्या अनुसूचित झाडासाठी परवानगी लागते आणि लाकूड वाहून नेण्यासाठी वाहतूक पास लागतो. 2023 मध्ये राष्ट्रीय पातळीवर ऑनलाइन वाहतूक पास प्रणाली सुरू झाल्याने राज्याच्या सीमा ओलांडणे सुलभ होऊ लागले आहे; तथापि लागवडीच्या वेळी सातबाऱ्यावर झाडांची नोंद केलेली नसेल, तर तोडणीच्या वेळी मालकी सिद्ध करण्यात दमछाक होते. म्हणून ही नोंद पहिल्याच वर्षी करून घ्यावी.

येथे आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. जुने गाव-नकाशे साखळीने मोजलेले आहेत. ते उपग्रह-चित्रावर ठेवले तर बांधाची रेषा अनेकदा बाजूला सरकलेली दिसते. पडद्यावरची रेषा म्हणजे हद्द नव्हे. शंका असेल तेथे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणेच श्रेयस्कर.

निकाल मातीचा

या साऱ्याचा मथितार्थ असा की, नकाशाने संशय घ्यावा आणि निकाल मातीने द्यावा. नकाशावर तांबड्या दिसणाऱ्या टापूतही एखाद्या शेतकऱ्याची ओढ्याकाठची दोन एकर जमीन सागाला सोन्यासारखी असू शकते. केवळ पडद्यावरील रंग पाहून तिच्यासाठीचे कर्ज नाकारणे हा अन्याय ठरेल. उलट हिरव्या टापूतही हातभर खाली चुनखडीचा वा जांभ्याचा थर असू शकतो. तेथे कर्ज मंजूर करणे हाही अन्यायच, फक्त तो पाच वर्षांनी उघडकीस येतो.

म्हणून नकाशाने जमीन सुचवल्यानंतर शेताच्या वेगवेगळ्या भागांत कमरेपेक्षा खोल असे काही खड्डे घ्यावेत. मातीचे थर डोळ्यांनी पाहावेत, प्रत्येक थराचा नमुना तपासणीस पाठवावा आणि भर पावसाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी किती दिवस टिकते हे पाहावे. आसपासच्या बांधांवर सागाची जुनी झाडे असतील, तर त्यांची उंची व वय जाणून घ्यावे. बांधावर पंचवीस वर्षे उभा असलेला साग त्या जमिनीविषयी जे सांगतो, ते कोणताही उपग्रह सांगू शकत नाही. गावातील जाणत्या माणसाला विचारावे. कोणत्या शेतात पाणी उपळते आणि कोणते शेत लवकर वाफशावर येते, हे त्याला तोंडपाठ असते.

साग नको असे उत्तर आले, तर झाडच नको असा त्याचा अर्थ होत नाही. पूर्व किनाऱ्यावरील वाळूत सुरू चांगला येतो. चिबड काळ्या जमिनीत साग रखडतो. परंतु त्याच शेताच्या उंच, निचऱ्याच्या बांधावर तो वाढूही शकतो. 2017 मध्ये बांबूला भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळल्यामुळे शेतातील बांबूची तोड व वाहतूक पुष्कळ सुकर झाली आहे. जमिनीला विचारून झाड निवडावे. झाड आधी ठरवून जमिनीवर लादू नये.

बँकेची भूमिका

एवढे सगळे अल्पभूधारकाने एकट्याने कसे करावे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. मोठी कंपनी तज्ज्ञ नेमू शकते. तीन एकरांचा मालक नेमू शकत नाही. हे अंतर भरून काढण्यास बँकेसारखी संस्था सुस्थळी आहे. एका गावासाठी थर एकदा तयार झाले की, ते त्या गावातील प्रत्येक अर्जदाराच्या उपयोगी पडतात. प्रत्येक शाखेत संगणक आहे आणि ग्रामीण शाखांचे कृषी अधिकारी शेतावर जातातच. भेटीच्या वेळी भ्रमणध्वनीवरून शेताच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवले, तर पुढे दरवर्षी उपग्रह-चित्रावर त्या लागवडीची प्रगती पाहता येईल आणि वाढ खुंटत असल्याचे वेळीच कळेल. राज्याची सुदूर संवेदन केंद्रे व वन-संशोधन संस्था यांची मदत घेतली, तर हे काम आवाक्याबाहेरचे नाही.

दीर्घ मुदतीच्या वृक्ष-लागवडीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत तीन कागद असावेत : जागेचा नकाशा, मृदा-खड्ड्यांचा अहवाल आणि हक्क व तोडणी-परवानगीविषयीची नोंद. यांपैकी एकही कागद तारणाच्या कागदाइतका महाग नाही. पण तारण बुडालेल्या कर्जाची भरपाई करते आणि हे तीन कागद कर्ज बुडूच नये म्हणून असतात. ग्राहकानेही, बँकेने मागो वा न मागो, आपल्या समाधानासाठी ते तयार करावेत. झाडांमध्ये पैसे गुंतवा असे सांगत कोणी दारी आला, तर परताव्याचा आकडा ऐकण्याआधी त्याला जमिनीचा नकाशा आणि खड्ड्याचा अहवाल मागावा. जो देण्यास टाळाटाळ करील, त्याच्याशी पुढचे बोलणे करण्याचे कारण उरत नाही.

मृगाचा पाऊस दरवर्षी येतो. पहिला पावसाळा मातीची पारख करण्यात गेला, तर लागवड एक वर्ष पुढे जाईल, इतकेच. ज्या झाडाला वाढण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात, त्याच्यासाठी जमीन निवडण्यास एक वर्ष देणे मुळीच जड वाटू नये.